लाइलच्या गाण्याची अट

मी, व्हर्ना जोसेफिन हलुस्का, वय वर्षे छप्पन्न, धंदा शिवणकाम, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. आजार यकृतात पोचला आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, हे या गावात बऱ्याच जणांना नव्याने कळेल. याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर वडिलांचे आहे आणि त्यात माझा व माझी बहीण डोरीन हिचा सारखा हिस्सा आहे. माझा हिस्सा मी तिला देते. माझ्या रागाचा आणि वडिलांनी बांधलेल्या भिंतींचा काही संबंध नाही.

२. वरच्या मजल्यावरची खोली. आईच्या अंत्यविधीनंतर माणसे घरी जेवायला आली, तेव्हा डोरीनने या खोलीला कुलूप लावले आणि सगळ्यांना सांगितले की आत अडगळ आहे. ती अडगळ अशी: जपानी चित्रकथांची पुस्तके, काचेच्या कपाटातल्या बाहुल्या, आणि मी स्वतः शिवलेले पोशाख. हे सर्व क्लीव्हलँडच्या वार्षिक मेळाव्याच्या मंडळींना द्यावे. माझा नवरा लाइल मला तिथेच भेटला. तो एका कार्टूनमधल्या योद्ध्याच्या वेषात होता आणि त्याच्या खांद्यावरची शिवण उसवली होती. मी ती तिथेच उभ्याउभ्या घातली.

आमच्यासारख्यांना इकडे ‘वीब’ म्हणतात. म्हणजे स्वतःचे सगळे टाकून जपानी व्हायला निघालेला येडा. लोक जे म्हणतात ते सगळेच खोटे नाही. आमच्यातले काही जण आंघोळ करत नाहीत, काही जण हॉटेलात जेवण वाढणाऱ्या कोरियन मुलीला जपानीत नमस्कार घालतात. अशा वेळी मी आणि लाइल दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचो. पण लाजेची वाटणी करताना लोक टेबल पाहत नाहीत.

३. शिवणाचे मशीन, कात्र्या आणि कापडाचे तागे मी माझी शेजारीण तोमोए लिंडग्रेन हिला देणार होते. तिने साक्षीदार व्हायचे कबूल केल्यामुळे तिला काही देऊ नये, असे वकीलबाई मिस स्ट्राउड म्हणाल्या. तोमोएने साक्षीदार होणेच पसंत केले. हे सगळे गावच्या शिवणवर्गाला द्यावे.

तोमोए एका अमेरिकन सैनिकाची बायको म्हणून जपानहून या गावात आली. तरुणपणी मी तिला दुकानात गाठून, वाकून, कार्टूनमध्ये शिकलेल्या जपानीत बोलले होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, “इंग्रजीत बोल. लोक बघतायत.” त्यानंतर कित्येक वर्षे ती मला पाहून रस्ता ओलांडायची. कोणी आपल्याकडे वळून बघू नये म्हणून तिने या गावात जन्म घालवला होता, आणि मी तिच्या देशाचे कपडे घालून मिरवत होते. पुढे ती माझ्या दारात का आली, ते खालच्या कलमात आहे.

४. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी ते काढू नये असे मी मिस स्ट्राउड यांना सांगितले आहे.

लाइल शाळेची बस चालवायचा. नोव्हेंबरातल्या टर्कीच्या जेवणाला आम्ही डोरीनकडे गेलो होतो. तिचा मुलगा कोल्टन तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, “काका, ते तुमचं जपानी काहीतरी करून दाखवा ना.” लाइल स्वयंपाकघरात माझ्याकडे आला, कपाळाला बांधायला फडके मागितले, आणि हळूच म्हणाला, “बघ, त्याने आपणहून विचारलं.” इतक्या वर्षांत त्या घरात कोणी विचारले नव्हते.

त्याने एका कार्टूनचे अख्खे गाणे जपानीत म्हटले, नाचासकट. तो अंगाने जाडा होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि त्याने डोळे मिटले होते. त्यामुळे कोल्टनच्या हातातला फोन त्याला दिसला नाही. मला दिसला. मला वाटले, आठवण म्हणून घेतो आहे.

तो व्हिडिओ देशभर फिरला. लोकांनी त्यात लाइलला डुकराचे कान लावले. मग शाळेच्या सभेत एका आईने विचारले की मोठ्या माणसाला कार्टूनमधल्या शाळकरी पोरींची चित्रे कशाला आवडतात, आणि असा माणूस आमच्या मुलांना घरी सोडतो का. साहेबांनी लाइलला बोलावून घेतले. “तुझ्यावर आरोप कोणाचाच नाही, लाइल. फक्त लोकांना बरं वाटत नाही.” लाइलने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बसवाल्यांपैकी एमेट ग्रॅबोव्स्की तेवढा त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला.

मी डोरीनला फोन केला. ती म्हणाली, “अगं, पोराने गंमत केली. तुम्हालाही कळायला नको का, कुठे काय करावं?”

तोमोए त्या आठवड्यात समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके घेऊन आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, “मीपण बघितलं. मीपण हसले. मग फोन ठेवून दिला. माझा नवरा जन्मभरात माझ्या भाषेतला एक शब्द शिकला नाही. तुझा कोणी न सांगता अख्खं गाणं शिकला. उच्चार वाईट आहेत.” लाइल जिन्यात उभा राहून ऐकत होता. तो खाली आला नाही.

पुढे त्याने शीतगृहात माल उचलायचे काम धरले. खोलीतली चित्रे स्वतः उतरवली. दाढी करताना गुणगुणायचा, ते थांबले. पुढच्या हिवाळ्यात दारातला बर्फ ओढताना त्याचे हृदय बंद पडले. शवगृहातल्या तरुण नोकराने चादर सारली आणि तो एकदम ओशाळला. त्याने लाइलला ओळखले होते.

५. लाइलची निळी पिकअप गाडी. कोल्टनला ती लहानपणापासून हवी आहे. तो आता मला दवाखान्यात नेतो-आणतो. त्याने व्हिडिओ केव्हाच काढून टाकला. तो इतरांकडे आहेच. एकदा सिग्नलला थांबलो असताना तो समोर बघत म्हणाला, “मावशी, मी काय करू ते सांग.” उत्तर या कलमात आधीच लिहिले होते: माझ्या अंत्यविधीला, सगळ्यांसमोर, कपाळाला फडके बांधून त्याने लाइलचे ते गाणे पूर्ण, नाचासकट म्हणावे, तरच गाडी मिळेल. मिस स्ट्राउड यांनी ही अट कायदेशीर करून आणली होती.

काल ती वाचताना कोल्टन मला डोळ्यांसमोर दिसला. तो नाही म्हणणार नाही. उभा राहील, गाईल, त्यालाही घाम येईल. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी फोन वर धरेल.

अट मी माझ्या हाताने खोडली आहे. शेजारी माझी आद्याक्षरे आहेत. गाडी कोल्टनला द्यावी. मी त्याला माफ केले आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस फिलिपा स्ट्राउड यांनी करावी. वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि आम्ही तिघांनी एकमेकांच्या देखत सह्या केल्या आहेत.

सही: व्हर्ना जोसेफिन हलुस्का

साक्षीदार:
१. तोमोए लिंडग्रेन, शेजारीण
२. एमेट ग्रॅबोव्स्की, निवृत्त बसचालक

स्थळ: ईरी, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२३