बोटभर तोकडा अडसर

दि. ४ फेब्रुवारी

चि. साहेबांस,

आशीर्वाद आहेतच. वि. वि.

शेडचं कुलूप कुणीतरी उघडून पुन्हा नीट लावून ठेवलं होतं, हे काल नक्की झालं. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यानं ते माझ्यासमोर कापलं आणि आतल्या पिनांवरचे तारेचे ताजे ओरखडे दाखवले. किल्लीनं असे ओरखडे पडत नाहीत म्हणाला. वर हेही म्हणाला की हे कुलूप उघडायला चोराची काही गरज नाही, एखाद्या कंटाळलेल्या माणसालाही ते जमलं असतं.

चोरीला काहीच गेलेलं नाही. म्हणूनच मला घोर लागलाय. मोठ्या पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, पॅटर्न मी कापडाखाली झाकून ठेवते, ते कापड उलट्या बाजूनं घातलेलं होतं. तू जन्मभर आपल्या धंद्याला सुतारकाम म्हणत आलास, म्हणून पुन्हा सांगते. हा बाबांनी केलेला लाकडी नमुना वाळूत दाबतात, त्या खड्ड्यात लोखंड ओततात आणि केसिंग तयार होतं. नमुना ज्याच्या हाती, काम त्याच्या हाती. पंप कंपनी या महिन्याच्या शेवटी आमचं आणि आपल्या मामेभावाचं, म्हणजे भट्टीवाल्याचं, अशी दोन केसिंगं शेजारी ठेवून बघणार आहे. त्याच्याकडे कालपर्यंत नमुनाच नव्हता, आणि आता तो म्हणे नमुना तयार आहे असं सांगत फिरतो. ते काम गेलं तर मला शेडला कुलूप लावायचंच आहे, पण ते कायमचं.

बाजारात जाऊन आले. एका दुकानदारानं कुलूप काउंटरवर आपटून दाखवलं, म्हणजे ते मजबूत. दुसऱ्यानं हातात देऊन वजन बघा म्हटलं. मला काय ते खिमा करून शिजवायचंय? तू विमा कंपनीसाठी फुटलेली दुकानं तपासत हिंडतोस, तुटलेली कुलपं पोत्यानं पाहिली असतील. कुठलं फोडता येत नाही आणि कुठलं तारेला दाद देत नाही, ते सांग. आयुष्यात एकदा तरी तुझ्या शिक्षणाचा या घराला उपयोग होऊ दे.

आत्यालाही कळवलं आहे. लोभ जिथे ठेवला असशील तिथून काढून थोडा इकडे पाठव.

तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (साष्टांग मात्र जमणार नाही, पाठ धरली आहे.)

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि कीवही आली. बाबांचं ते पितळी कुलूप म्हणजे शोभेची वस्तू होती. मी आमच्या ऑफिसात त्याचं वर्णन केलं तर लोक जेवणाच्या सुट्टीभर हसतील. लोकांना वाटतं मोठं कुलूप म्हणजे दणकट कुलूप. आतून पोकळ ओतीव असतं ते, हातोड्याच्या दुसऱ्या घावाला पोट फाडून बसतं.

नीट ऐक. दणकटपणा बघायचा तो कडीचा. कडी जाड हवी, कठीण केलेल्या पोलादाची हवी, आणि कुलपाच्या अंगानं दोन्हीकडून अशी झाकलेली हवी की कातरीचा जबडा आत शिरायला जागाच उरू नये. ती दोन्ही पायांनी आत अडकायला हवी. एकाच पायावर उभ्या असलेल्या कड्या मी रोज बघतो, त्या पिळून निघतात. आणि तारेचं म्हणशील तर पिना आणि स्प्रिंगा असलेलं कुलूप घेऊच नकोस. आत फिरत्या तबकड्या असलेलं घे. त्यात तारेला दाबायला काही सापडतच नाही, उघडणारा तासभर घाम गाळून घरी जातो. तुझे दुकानदार यातलं काही सांगणार नाहीत, कारण त्यांना माहीत नाही.

तू बाजारात गेलीस तर काउंटरवर आपटलेलंच घेऊन येशील, म्हणून मी इथून चांगलं कुलूप पाठवतो आहे. सोबत दाराला आडवा लावायचा लोखंडी अडसरही करवून घेतो. कुलूप कितीही भारी असलं आणि कोयंडा तुझ्या त्या चार गंजक्या स्क्रूंवर लोंबकळत असला, तर चोर कुलपाला हातही लावत नाही, कोयंडाच उपटतो. अडसर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असला की प्रश्न मिटला. माप मला माहीत आहे, तू तसदी घेऊ नकोस.

भट्टीवाल्यावर मात्र उगाच संशय घेऊ नकोस. तो मोठा माणूस आहे, तुझ्या लाकडांत त्याला कसला रस? बाबा गेल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही, पण खात्रीनं सांगतो की शेडमध्ये शिरला तो एखादा भुरटा असणार आणि आतला माल बघून निराश होऊन गेला असणार. चुलीत घालण्यापलीकडे त्या लाकडांचा उपयोग तो काय.

माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
साहेब (तूच ठेवलेलं नाव, आता शोभतंय)


दि. १७ फेब्रुवारी

चि. साहेबांस,

आशीर्वाद, आणि पाठीला शेक. फुटलेली दुकानं नुसती बघत हिंडणाऱ्याची पाठ अशी कशानं धरली म्हणे?

पार्सल मिळालं. कुलूप उत्तम आहे, उगाच नावं ठेवत नाही. किल्लीवाल्याला दिलं तर त्यानं दुपारभर तारा खुपसल्या आणि शेवटी ते माझ्याकडे असं परत केलं जणू मीच त्याचा अपमान केला होता. कडीचं त्यानंही कौतुक केलं. तेव्हा कुलपांतलं तुला कळतं, हे लेखी कबूल करते. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी. खोक्यावर तीन किल्ल्या असं छापलंय, आत दोनच निघाल्या. टपालात किल्ली पडेल असं भोक काही खोक्याला दिसलं नाही.

दुसरं अडसराचं. लोहारानं काम सुंदर केलंय, पण अडसर बोटभर तोकडा आहे. डाव्या आकड्यात घातला की उजवीकडे कुलपाचं भोक कोयंड्याच्या अलीकडेच थबकतं, चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं. अगदी आईच्या पडद्यांची आठवण झाली. मापं घेताना लोहार झोपेत होता की तू? कुठल्या मापानं करवलास ते कळव, म्हणजे इथल्या वेल्डरकडून जोड लावून घेते.

तोवर तुझं कुलूप जुन्याच कोयंड्याला लावलं आहे. स्क्रू मात्र बदलले, तेवढं तुझं ऐकलं.

आठवण कुलपात ठेवू नये, येऊ द्यावी.

ताई


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

चांगलं करायला जावं तर या घरात त्याचंही माप काढतात. अडसर तोकडा असणं शक्यच नाही. अकराशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर हे माप मी स्वतःच्या हातानं घेतलेलं आहे. बाबा असताना एकदा सहज घेतलं होतं, ते डोक्यात राहिलं. माझ्या डोक्यात आकडे राहतात, तो माझ्या कामाचा भाग आहे. लोहारानंही माझ्यासमोर मोजून कापलं. तेव्हा चूक तुमच्याकडे शोध. चौकट सरकली असेल, भिंत सुटली असेल, नाहीतर तू अडसर उलटा धरला असशील. त्या शेडमध्ये सरळ अशी एकही वस्तू मी पाहिलेली नाही.

तिसरी किल्ली कारखान्यातच राहिली असेल. छापलेलं सगळं खरं मानायची तुझी सवय जुनीच. पडद्यांचं काय ते कळलं नाही. मी बहुधा तेव्हा हॉस्टेलला असेन, आणि पडद्यांत मला रसही नाही.

महिनाअखेरीला पंप कंपनीत काय होईल ते होईल. फार मनाला लावून घेऊ नकोस. काम मोठ्या माणसाकडे गेलं तर त्यात कमीपणा नाही. पुढे शेडच्या जागेचं काय करायचं ते आपण बसून ठरवू.

राग नसावा. असल्यास मोजून घ्यावा, मापात माझी चूक होत नाही.

साहेब


दि. २५ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. भट्टीवाल्यानं तुझ्याकडे येऊन, आमच्या साहेबांना तो भागीदार करून घेतोय असं फुशारकीनं सांगितलं, हे वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. तू लिहितेस की पाठच्या भावाबद्दल असं मनात आणू नकोस, आधी त्याला विचार. आत्या, मी विचारलं. त्यानं उत्तरही दिलं. अकराशे अठ्ठ्याऐंशी.

शेडच्या दाराची चौकट मी गेल्या वर्षी, बाबांच्या माघारी, रुंद करून घेतली. मोठं केसिंग बाहेर काढताना अडकत होतं. रंग तोच दिला, त्यामुळे येणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. बाबा असताना ते माप घ्यायला साहेबांना भिंत फोडावी लागली असती. आणि बाबा गेल्यापासून त्यांनी इकडे पाऊल टाकलेलं नाही, हे त्यांनीच आपल्या सुंदर अक्षरात लिहिलंय.

चौकट बरोबर बाराशे आहे. मग बारा मिलिमीटर गेले कुठे? इथे मी हातातली करवत खाली ठेवली आणि एकटीच हसत बसले. तुला आईचे पडदे आठवतात ना? खिडकीचं माप तिनं शेडमधल्या बाबांच्या पोलादी पट्टीनं घेतलं, कापड दुकानात फाडून आणलं, आणि सगळे पडदे खालून बोटभर तोकडे पडले. बाबा पुढची कित्येक वर्षं पाहुण्यांना ते पडदे दाखवायचे. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच शेकड्याला एक मोठी आखलेली असते. तिच्यावर हजार वाचलं तर खरी लांबी हजार दहा, आणि बाराशेची चौकट तिच्यावर अकराशे अठ्ठ्याऐंशी वाचली जाते. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच असते, कोपऱ्यातली खूण बाबांच्या अंगठ्यानं केव्हाच पुसली गेली. ती पट्टी दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते आणि पडद्यांपासून शेडच्या बाहेर कधी गेलेली नाही. साहेबांनी कुलूप उघडलं, आत आले, समोर पट्टी दिसली, ती घेतली. आधी वाकून वाकून आमचा पॅटर्न मोजला, पाठ धरेपर्यंत, आणि जाताजाता दार मोजलं. बहिणीला अडसर देण्याची माया तिथेच सुचली असावी.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आला असेलच. पॅटर्नची सगळी मापं त्याच पट्टीची आहेत. भट्टीवाल्याच्या सुतारानं ती साध्या पट्टीनं लाकडावर उतरवली, म्हणजे त्याचा पॅटर्न तयार केसिंगएवढाच झाला, आणि त्यात ओतलेलं लोखंड निवताना पुन्हा आकसलं. भट्टीवाला ओततो छान, पण पॅटर्न त्यानं नेहमी दुसऱ्यांचे वापरले. ताडून बघायला त्याच्याकडे कंपनीचं जुनं केसिंगही नाही. साहेबांना तर ठाऊकच नाही, कारण शेडमध्ये त्यांना भुशानं शिंका यायच्या.

किल्लीवाला म्हणतो तिसरी किल्ली त्यांच्याकडे आहे, कुलूप बदला. मी नाही बदलणार. कुलूप खरंच चांगलं आहे आणि आत राखण्यासारखं काही उरलेलं नाही. आमचा पॅटर्न आता वरच्या खोलीत माझ्या पलंगाखाली आहे. त्या दाराचं कुलूप मी स्वतः निवडलं, जाड झाकलेल्या कडीचं, तबकड्यांचं, हुबेहूब साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे. फक्त किल्ल्या मोजून घेतल्या.

तू म्हणशील, त्याला चारचौघांत तोंडघशी पडू देऊ नकोस, आताच लिहून सावध कर. त्यानं दारातून येऊन मागितलं असतं तर पट्टी कशी वाचायची तेही शिकवलं असतं. तारेनं कुलूप उघडून आलेल्याला शिकवत नसतात.

सोमवारी कंपनीत दोन्ही केसिंगं शेजारी मांडतील आणि त्यांचा इंजिनिअर पंपाचं झाकण एकेकावर बसवून बघेल. आमच्यावर ते बसेल. भट्टीवाल्याच्या केसिंगवर पहिला बोल्ट जाईल, समोरच्या बाजूचं भोक बोल्टच्या अलीकडेच थबकेल. दोघं एकमेकांची मापं काढत घरी जातील. मग आठवड्याच्या आत साहेब रात्री नाही, दिवसाढवळ्या, कसलंसं निमित्त काढून इकडे येतील, नेमकं चुकलं कुठे ते बघायला. तिसरी किल्ली खिशात असेलच. पट्टी मी जिथल्या तिथे टांगून ठेवली आहे. शेजारी तोकडा अडसर उभा केला आहे.

तब्येत सांभाळ. लोभ तुझा पुरून उरतो, तसाच राहू दे.

तुझी भाची