मागून धरणारी पोर

ता. ६ डिसें.
खोकला कमी नाही. नात सुमी आश्रमशाळेतून दोन दिवस घरी. जव्हारच्या मैदानावर सगळ्या शाळांची पोरं एकत्र गाणार, मुंबईचे वाजवणारे येणार. सुमीलाही घेतलंय. मला आनंद व्हायला पाहिजे. होत नाही. थंडीत उघड्यावर उभं करतील, घसा बसेल. पोरगा-सून भिवंडीकडे वीटभट्टीवर. बघायचं मलाच.

ता. ७
आज खरं कळलं. गाण्याचे सर तिच्यावर चिडतात. सगळी पोरं ओळ उचलतात आणि ही जरा थांबून उचलते. बाकीचे गप्प झाले तरी हिचा आवाज मागे लांबतच राहतो. पोरी तिला ‘शेवटची एसटी’ म्हणतात.
ती शिकली तशीच गाते. लग्नात माझी म्हातारी आधी ओळ म्हणून सोडायची आणि सुमी एवढीशी होती तेव्हापासून तिच्या मागून तीच ओळ धरायची. शेवट लांबवायचा, तेवढ्यात म्हातारीला दम घेता यायचा. आमच्यात लग्नघरी असंच गातात. शिमग्यानंतर म्हातारी गेली. आता सोडणारी कोण, आणि हिनं धरायचं कोणाच्या मागून.

ता. ८
म्हटलं, माझ्याबरोबर उचल. मी सुरू केलं. ती थांबली, मग धरलं. परत तेच, परत तेच.
"आजा, तू काय गातो ते आधी ऐकू तर दे."
मी ओरडलो. नीट न जेवता शाळेत गेली.

ता. १४
खोडाळ्याच्या बाजारातून तसाच शाळेत गेलो. सर भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, "बाबा, तिला काढत नाही. यादीत नाव गेलंय, ड्रेस शिवून झालाय. फक्त ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. एवढ्या पोरांत कोणाला कळणार?"
मी हो म्हणालो. सरांपुढे नाही कसं म्हणायचं. बाहेर आलो तर सुमी दाराशी उभी. सगळं ऐकलं असणार.
"तू कशाला आला?" एवढंच बोलली.

ता. १५
झोप नाही. शेजारच्या लखमाला सांगितलं. तो म्हणतो, "फोटोत तर येईल ना, अजून काय पाहिजे तुला?" हसला. मीही हसलो.

ता. २१
जव्हार. लखमाबरोबर टेम्पोतून गेलो. पोरं पायऱ्यांवर रांगेनं उभी. सुमी मधल्या रांगेत, निळा ड्रेस, वेणीला रिबीन. व्हायोलिनं सगळी एकदम लागली तेव्हा अंगावर काटा आला. पोरं चांगली गायली, खोटं कशाला लिहू.
सुमीचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी कान लावून बसलो, मागे काही उरतंय का. काही उरत नव्हतं. विळ्यानं कापल्यासारखी ओळ संपायची. मग टाळ्या.
"बघ, एक चूक नाय," लखमा म्हणाला.
गर्दीत सुमी भेटली. विचारलं, "गायलीस?"
"हां."
"आवाज काढून?"
ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

ता. २७
सुमी घरी. लखमाच्या पुतणीची हळद. बायका बोलवायला आल्या, चल गं, तुझ्या आजीची जागा मोकळी आहे. "मला नाय येत," म्हणाली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी चुलीत लाकूड सारलं.
सरांना मी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणून तरी काय झालं असतं. तिला काढलंच असतं.

ता. २९
सुमी अंगणात भात पाखडत होती. मी ओटीवर. म्हातारीची एक ओळ आठवली, मधलीच. माझा आवाज फाटका, तरी सोडली. शेवट केला नाही. थांबलो.
सुपाचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला होता.
मग परत पाखडायला लागली.
उद्या ती शाळेत जाणार. निघायच्या आधी अजून एकदा सोडून बघतो. दम पुरला तर.