हनुवटीखालचा कॅमेरा

चि. क्रिसान्तो,

शुक्रवार, १५ मे, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, जत्रेला जमलेल्या सगळ्या गावासमोर दाखवलेल्या फिल्ममध्ये, तू आपल्या आजीच्या सख्ख्या बहिणीला हडळ केलंस. तरी आशीर्वाद देते, कारण तसं वळण लागलंय. खोकला कसा आहे? आईला म्हणावं, आल्याचा काढा, आपला सालाबात, कडक करून दे. आता मुद्द्यावर येते.

आजीला मारतात ती हाक मारून तू म्हणाला होतास, "लोला, तुम्ही जपमाळ घेऊन दारात उभं राहायचं. तुम्हाला बघून भूत पळतं. नायिका तुम्हीच!" भूत म्हणजे औषधवाल्याची जोवेलिन. मी नवा झगा शिवला आणि पुढच्या रांगेत फादर आन्सेल्मोंच्या शेजारी बसले. (शेजारणींना आठवडाभर बजावत होते, उशीर करू नका, मी सुरुवातीलाच येते.) पडद्यावर दार उघडलं आणि दोन काळ्याकुट्ट गुहा अंगावर आल्या. त्यांच्यावर पिठासारखा पांढरा चेहरा. मी किंचाळले, फादरांची बाही धरली, येशू-मारियाचा धावा केला. फादर हळूच म्हणाले, "बाई, त्या तुमच्याच नाकपुड्या आहेत."

तू कॅमेरा फरशीवर ठेवलास हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, टेबल मिळालं नसेल. त्यात आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी जन्माची शिस्त लावलेली: पाठ ताठ, हनुवटी वर, नजर दूर. (डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचे मी. ते कधी पडलं नाही. उघडलंही फारसं नाही.) तीच घरंदाज हनुवटी खालून पाहिली की माणूस गिळायला निघाल्यासारखी दिसते, हे सिस्टर सांगायला विसरल्या. आणि जोवेलिनला मात्र तू शिडीवर चढून टिपलंस! वरून पाहिलं तर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं इवलंसं पोर, नुसते डोळे. मागून एक बाई ओरडली, "पळ गं बाळा, थेरडी आली!" हे ती भुताला सांगत होती. लोक भुतासाठी रडले, क्रिसान्तो.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी गिळलं असतं. पण मासेवाली नेनिता आता माझ्या फाटकावरून जाताना, वारुळातल्या भुताखेतांकडे वाट मागताना म्हणतात तसं, "ताबी-ताबी" पुटपुटते. आणि गेल्या शनिवारी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या तयारीच्या माझ्या वर्गाला एकही मूल आलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेवढाच एक वर्ग मला उरलाय. रिकाम्या बाकांना दहा आज्ञा शिकवून घरी आले. उद्याच्या शनिवारीही असंच झालं तर फादर वर्ग आसुन्ताला देणार. आसुन्ता! जी बाई प्रार्थनेच्या मध्येच जांभई देते!

तेव्हा फिल्म दुरुस्त कर, भूत कोण आणि आजी कोण हे गावाला नीट दाखव, आणि ३१ मेच्या दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर दे. फोनवर "सॉरी लोला" चालणार नाही.

तुझी (अजून जिवंत असलेली) लोला,
एपिफानिया

ता. क. शनिवार दुपार. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सगळी पोरं आली, तीही वेळेआधी. आया दम देतात म्हणे, "गेला नाहीस तर लोला स्वतः न्यायला येईल." दहाही आज्ञा घडाघडा म्हटल्या, कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. फादर दारातून बघून गेले. म्हणाले, "आसुन्ताला हे जमणार नाही."

ता. क. २. फिल्मला हात लावू नकोस. दुसरा भाग काढतोयस असं तुझी आई म्हणाली. या वेळी फरशी उंच पडेल. माझ्या अंगणात खड्डा खण आणि कॅमेरा त्यात ठेव. कुदळ मी देते. उत्तराची मुदत तीच.