पहिल्या गुरुवारचा बाक

॥ श्री ॥

रनाळे,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस हेमकांतचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. भूपेशची सातवी संपत आली. जूनपासून त्याला तुमच्या म्हसावदच्या त्या एवढ्याशा शाळेत घालायचं असं तुझ्या वहिनीनं ठरवलं आहे. आमच्या घरात ठरवणं चारुलताकडे आणि चौकशी माझ्याकडे, हे तुला ठाऊकच आहे. पोरगा राहील तुझ्याकडेच. हे तुला विचारायचं राहून गेलं, पण विचारलं असं समज.

शाळेचं माहितीपत्रक मागवून वाचलं. आठवी ते दहावी मिळून एकसष्ट मुलं, टेकडी, झाडं आणि सगळे हसरे चेहरे. माहितीपत्रकात कोणी कधी रडत नाही, म्हणून तुला विचारतो. तुझी चेतना जूनपासून तिथे आहे. घरच्यांनी आधीच माहीत करून घ्यावं असं जे काही छापलेलं नाही, ते सविस्तर कळव. फोनवर विचारलं की तू नुसतं सगळं छान म्हणतेस, म्हणजे आमचे मेहुणे रतिलालभाई शेजारच्या खाटेवर बसलेले असणार.

वडीलकीचा लोभ आहेच, तो गृहीत धरावा.

तुझा भाऊ,
हेमकांत

॥ श्री ॥

म्हसावद,
ता. २९ जानेवारी २०२५

ती. भाऊस रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भूपेशसाठी खाट काढून ठेवली आहे, मलाही विचारलं असं समजते.

आता शाळेचं ऐक. पहिली गोष्ट, तिथे लपायला जागा नाही. मोठ्या शाळेत पोरगं दोन दिवस गेलं नाही तरी कोणाला पत्ता नसतो. इथे चेतना न्याहारी न करता गेली तर दहा वाजता शांतीबाईंचा मला फोन. शांतीबाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि शिपाई नसला तर घंटाही त्याच देतात. मुलं कमी, म्हणून खो-खोत तीच पोरं, नाटकात तीच आणि विज्ञान प्रदर्शनातही तीच. मला हे जमत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण दुसरं कोणी नसतंच.

प्रवेश चिठ्ठ्या टाकून होतो. ह्यांनी एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र नेलं होतं. शांतीबाईंनी ते वाचलं, आभार मानले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहून चिठ्ठ्या फाडल्या. चेतनाची चिठ्ठी निघाली. पत्राचा उपयोग झाला असं हे अजून सांगत फिरतात.

पण खरी मेख पुढेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी प्रत्येक घरातल्या एका माणसानं दिवसभर वर्गात मागच्या बाकावर बसायचं. वही काढायची, लिहायचं. शेवटी मूल सगळ्यांसमोर महिनाभरात काय शिकलं ते सांगतं, आणि मग त्या माणसानं त्याला एक प्रश्न विचारायचा. उत्तर आपल्याला खरंच माहीत नाही असाच. वर्षात तीन गुरुवार चुकले की ती जागा पुढच्या चिठ्ठीला जाते.

माझ्या अंगणवाडीत नेमकं पहिल्या गुरुवारी लसीकरण असतं, मला हलता येत नाही. ह्यांना सांगितलं तर माले येळ नई शे म्हणाले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरला चेतना जेवेना, तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणाले, मानूस धाडी देसू. भाऊ, लग्नाला, ग्रामसभेला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ह्यांचा माणूसच जातो. तसा शाळेतही सुकराम गेला.

आमच्या केळीचं सगळं पाहणारा सुकराम, पंधरा वर्षं आमच्याकडे आहे. पहाडातल्या आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेला. शांतीबाई म्हणाल्या, घरातला माणूस म्हणजे मुलाला रोज पाहणारा माणूस, बसा. तेव्हापासून एक गुरुवार चुकला नाही. केळीला खोड एवढं जाड, मग त्याचं लाकूड का होत नाही, असं काहीतरी तो विचारतो आणि अख्खी शाळा आठवडाभर उत्तर शोधते. चेतना घरी आली की आधी शेतात जाऊन त्याला सांगते.

सगळं छान आहे, असं मी फोनवर म्हणते ते यामुळे. लोभ आहे तो वाढवावा, वहिनीचा वाटा वेगळा.

आपली,
रोहिणी

॥ श्री ॥

रनाळे,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चारुलतानं दोनदा वाचलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. आमच्या कार्यालयातला नवनीत शिपाई फार हुशार आहे, तो बसेल भूपेशसाठी, असं मी सुचवून पाहिलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

चेष्टा राहू दे. मला एकच काळजी वाटते. मार्चमध्ये होळी आहे. त्याआधी भोंगऱ्याचे बाजार, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या जत्रा, सुरू झाले की पहाडातला एकही माणूस खाली थांबत नाही, सुकरामही थांबणार नाही. मग तिसरा गुरुवार चुकेल आणि पोरीची जागा जाईल. रतिलालभाईंशी मी बोलू का? ते माझं ऐकत नाहीत, पण मी बोललो एवढं समाधान मला मिळेल.

पोरीला माझा आशीर्वाद, आणि तुला धीर.

तुझा भाऊ,
हेमकांत

॥ श्री ॥

म्हसावद,
ता. ९ मार्च २०२५

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. सुकराम चार तारखेला गावी गेला. चेतनाला जाताना वही देऊन गेला, सांभाळ म्हणाला. ह्यांनी लगेच सांगून टाकलं, जागा गेली तर जाऊ दे, शहरातल्या दोन हजार पोरांच्या शाळेत घालू, तिथे कोणी आईबापाला बाकावर बसवत नाही. चेतना रडली नाही. तिनं तिचं दप्तर आवरून कोपऱ्यात ठेवलं. मग मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, गुरुवारी लसीकरण मी सोडते, पोरांना सुया तुम्ही टोचा. त्यावर हे शाळेत गेले.

पुढचं चेतनानं आणि शांतीबाईंनी सांगितलं. इस्त्रीचे कपडे घालून गेले, म्हणून एका पोरानं पाहुण्यांची खुर्ची आणली. ही चेतनाच्या घरच्या माणसाची जागा आहे का, असं ह्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवून विचारलं तर तो म्हणाला, ती सुकरामकाकाची. बाकावर बसले. चेतनानं सुकरामची वही पुढे ठेवली होती. अर्धी भरलेली, अक्षर सुबक. पुढच्या पानापासून लिहा, असं शांतीबाईंनी सांगितलं. मध्ये फोन वाजला तर तो शांतीबाईंच्या टेबलावर गेला, दहावीच्या पोरांच्या फोनांशेजारी.

शेवटी चेतनानं महिन्याचं सांगितलं. आता हे प्रश्न विचारणार. तुम्हाला माहीत आहे, ह्यांना माहीत नाही अशी गोष्ट म्हसावदमध्ये नाही. उभे राहिले. पाऊस, केळी, भाव, सगळ्याची उत्तरं ह्यांच्याकडे होती. सगळा वर्ग वाट पाहत बसला. मग ह्यांनी चेतनाकडे पाहून विचारलं, डबामा तुले काय आवडस?

कोणी हसलं नाही, भाऊ. चेतनानं सांगितलं की तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आवडतो, आणि पप्पांना माहीत नाही म्हणून ती रोज अर्धी पोळी परत आणते. चांगल्या घरची पोर भाकरी नेत नाही, म्हणून पोळी नेण्याचा हुकूम ह्यांचाच.

 शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारलं, कळण्याचं पीठ आहे का. मी भाकरी थापत राहिले, पण मला तवा नीट दिसत नव्हता. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे मला कधी आवडले नसतील एवढे त्या दिवशी आवडले.

जागा राहिली आहे. हे पत्र वहिनीला वाचायला द्या आणि आम्हा सगळ्यांवरचा जीव असाच राहू द्या.

आपली,
रोहिणी

॥ श्री ॥

रनाळे,
ता. १८ मार्च २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अर्ज भरला. बाकावर कोण बसणार, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. ते चारुलताला दाखवायच्या आधी भूपेशला डब्यात काय आवडतं ते गुपचूप विचारून घेतलं. त्याला डबाच आवडत नाही म्हणाला.

मामाचा पापा चेतनाला. बाकी भेटीत.

तुझा भाऊ,
हेमकांत

॥ श्री ॥

म्हसावद,
ता. १ एप्रिल २०२५

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

सुकराम होळीनंतर चौथ्याच दिवशी परत आला. दरवर्षी होळीनंतर महिनाभर थांबतो. एप्रिलच्या गुरुवारासाठी आलो म्हणाला. ह्यांनी सांगितलं, आता मी जाणार, तू केळीला पाणी दे. सुकरामनं पंधरा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं. वही माझी आहे, म्हणाला.

एका घरातून एकच माणूस, असा नियम. म्हणून चेतनानं स्टीलच्या वाटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि स्वतःच एक उचलली. सुकराम निघाला. हे म्हणाले, पुन्हा टाक. ती म्हणाली, आमच्या शाळेत पुन्हा टाकत नाहीत.

तेव्हापासून हे त्याच पुढाऱ्याकडे नेण्यासाठी अर्ज लिहीत बसले आहेत, की आमच्या घरासाठी बाकावर दोघांची जागा मंजूर व्हावी. पत्राचा मागच्या वेळी उपयोग झाला होता ना. मी एवढंच सांगितलं आहे, की कागदाची मागची बाजू कोरी ठेवा. मे महिन्यात भूपेशच्या चिठ्ठ्या आहेत, शांतीबाईंना लागेल.

लोभ आहेच, पण या वेळी थोडा ह्यांच्यावरही करावा.

आपली,
रोहिणी