एका छताखाली झोपणारे सर्व

५ जानेवारी
कुटुंब म्हणजे नक्की कोण? आज काउंटरवर एका बाईंनी हे विचारलं आणि मला सांगता आलं नाही. त्यांचा दीर जेवतो त्यांच्याकडे, झोपतो दुकानात, पगार पाठवतो तिसरीकडेच. त्याला धरायचं की सोडायचं? मी नियमांचं पुस्तक चाळत राहिले. रांगेतून कोणीतरी म्हणालं, बाई, जेवताना धरा, हिशेबाला सोडा. सगळे हसले. मीही हसले, पण मान खाली घालून. घरातली पहिली पदवीधर, गृहनिर्माण कक्षातली माहिती सहायक, आणि ‘कुटुंब’ या शब्दाला अडखळले.
संकल्प: या शब्दाची स्वच्छ व्याख्या मी करणार.

७ जानेवारी
आमची योजना खरोखर सुंदर आहे. जमीन नगरपालिकेची, अनुदान राज्य सरकारचं, कमी व्याजाचं कर्ज बँकेचं, घर लोकांचं. हे वाक्य माझं. पोस्टरवर छापलंय. आईने पोस्टर पाहून विचारलं, मग आपलं काय? मी म्हटलं, आपणही लोकच की.
बाबांच्या नावाने अर्ज जाणारच आहे. ते एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन आहेत. म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांना वर नेलं, आता चौथा मजला मिळाला तर मी जिन्यानेसुद्धा जाईन. मी सांगून टाकलं, घर झालंच समजा. ही खात्री नव्हे. माहिती आहे. बाबांचा पगार उत्पन्नाच्या मर्यादेत आहे, अर्ज नियमात बसतो.
नव्या घरात आतली खोली मला. वाचन असतं. सध्या एकच खोली आणि एकच खाट. ती बारावीच्या अभ्यासासाठी मला दिली होती, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. बाबांना फरशीवरच बरं वाटतं, तसं ते स्वतः म्हणालेत. उठताना भिंत धरतात, पण ते वयाचं.

१५ जानेवारी, दुपारी
रक्त उसळतंय. चारचाकीतून आलेला एक गाडीवाला निवृत्त वडिलांच्या नावावर घर घेऊन गेला. विचारलं तर म्हणे, मी वेगळा राहतो. जेवणाची सुट्टी सोडून मी सूचना लिहिली: ‘एका छताखाली झोपणारे सर्व, ते कुटुंब. सर्वांचं उत्पन्न एकत्र धरावं. अर्जाआधी सहा महिन्यांत कोणी वेगळं झालं असेल, तरी धरावं.’ पळवाटच नाही. वाचतानाच अंगावर काटा आला.
शेजारच्या काउंटरवरच्या लिपिकांना दाखवली. त्यांना सगळे उद्यासाहेब म्हणतात, कारण येईल त्याला ते उद्या या म्हणतात. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मॅडम, तुम्ही कुठे झोपता?
वडिलांच्या वयाचा माणूस! तक्रार करावी का, यावर विचार चालू आहे.

२ फेब्रुवारी
सूचना मंजूर! कुटुंब कोणाला म्हणायचं हे ठरवायचा अधिकार राज्याने नगरपालिकेला दिलाय, आणि नगरपालिकेने माझीच व्याख्या उचलली. शब्दही बदलला नाही. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत माझं नाव घेतलं. टाळ्या. उद्यासाहेबांनी वाजवल्या नाहीत. जळतात.
घरी आले तर आईनेही बातमी दिली. घरमालकांना सांगून आली, मार्चअखेर खोली सोडतो म्हणून. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, तूच म्हणालीस ना, झालंच समजा. मी समजले.

४ फेब्रुवारी
खाटेवर पडले होते. छताकडे बघत होते.
छत.
उठून बसले.

४ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
उद्यासाहेबांविरुद्ध तक्रार करणार नाही.

५ फेब्रुवारी
बाबांचा पगार मर्यादेत बसतो. माझा मिळवला की बसत नाही. म्हणजे मी नोकरीला लागले नसते तर घर मिळालं असतं. हा विचार चुकीचा आहे, शिक्षणविरोधी आहे. तत्त्व आपल्या घराला लागतं तेव्हाच खरं ठरतं. अभिमान वाटायला हवा. प्रयत्न चालू आहे.
आज आईला सांगणार.
सांगितलं नाही. ती पडद्यांचं कापड मापत होती. मध्येच कशाला.

९ फेब्रुवारी
नोकरदार मुलींच्या वसतिगृहात चौकशी केली. मी तिकडे झोपले तर छत बदलतं. तिथल्या बाईंनी विचारलं, घर याच गावात असताना इथे कशाला? मी म्हटलं, मी वेगळी राहते. बोलताना तो गाडीवाला आठवला. वर सहा महिन्यांची अटही आठवली. माझीच. पळवाट खरोखर नाही. व्याख्या पक्की आहे, एवढं तरी मान्य करायला हवं.

१२ फेब्रुवारी
बाबा अर्ज द्यायला येणार आहेत. धीर करून आज त्यांच्याशी बोलले. म्हटलं, ऑफिसात ओळख दाखवू नका, पक्षपात वाटेल. आणि लिफ्टचा युनिफॉर्म घालून येऊ नका. ते हसून म्हणाले, बरं, मॅडम.
सांगायचं दुसरंच होतं.

२० फेब्रुवारी
बाबा आले. इस्त्रीचा शर्ट. रांगेत उभे राहिले, पुढे घुसणाऱ्या एकाला म्हणाले, अहो, लिफ्टमध्येसुद्धा रांग असते. त्यांचा नंबर माझ्याच काउंटरला लागला. त्यांनी कागद सरकवले आणि परक्यासारखं म्हणाले, नमस्कार मॅडम.
मी बोट दाखवलं. म्हटलं, तिकडे.
तिकडे उद्यासाहेब. आजवर ज्याला ते उद्या या म्हणाले नाहीत, असा माणूस मी पाहिला नव्हता. आज त्यांनी खुर्ची दिली आणि आजच सांगितलं. अर्ज बसत नाही काका, घरात मुलगी कमावती आहे. बाबांनी हळूच विचारलं, तिचं नाव काढता येतं का? उद्यासाहेब म्हणाले, काढायचं म्हणजे कसं? बाबांनी कागद गोळा केले. मग म्हणाले, नको, नको. राहू द्या. नाव राहू द्या तिचं.
मी पुढच्या माणसाचे कागद तपासत होते. एकही अक्षर दिसत नव्हतं. बाबांनी जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच सांगितलं होतं तसं.

२० फेब्रुवारी, रात्री
जेवताना बाबा आईला म्हणाले, फार लोक होते गं, आपला नंबर नाही लागला. माझ्या ताटात स्वतःहून वाढलं. मी जेवले. हे लिहायची लाज वाटते, पण जेवले.

२१ फेब्रुवारी
सकाळी आईला सगळं सांगितलं. छत, व्याख्या, टाळ्या. मला वाटलं ओरडेल. ती पडद्याची घडी घालत म्हणाली, लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, तू बापाच्या पाडलास. मग चप्पल घालून घरमालकांकडे गेली, खोली सोडत नाही हे सांगायला. मी येते म्हटलं तर म्हणाली, नको, तू आणखी काहीतरी मंजूर करून येशील.
मालक ठेवून घेतो म्हणाले. भाडं वाढवून.

२३ फेब्रुवारी
सूचना मागे घ्यायला मोठ्या साहेबांकडे गेले. माझी चूक झाली, म्हाताऱ्या आई-बापांना सांभाळणारी मुलंच यात अडकतात, असं सरळ सांगितलं. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतेय. म्हणाले, आता वर्षभर हलवता येत नाही, आणि शेजारच्या दोन नगरपालिकांनी तुमची व्याख्या मागवलीये. अभिनंदन.
बाहेर आले तर काउंटरवर दिराचं विचारणाऱ्या त्या बाई. आता कुटुंब म्हणजे कोण ते सांगता का, म्हणाल्या.
मी म्हटलं, उद्या या.

२५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
नवा संकल्प नाही. दुपारी बाबा बाहेर गेले होते तेव्हा माझं अंथरूण खाली आणलं, त्यांचं खाटेवर घातलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर फरशीवरच बरं वाटतं म्हणाले असते. आल्यावर त्यांनी खाटेकडे बघितलं, मग आईकडे. आई म्हणाली, बघताय काय, तुमचा मजला आलाय.
आता आडवे झालेत. ही नोंद फरशीवर बसून लिहिली. फरशी गार आहे, आणि कडक आहे. कोणालाही बरं वाटेल अशी नाही.