दाब सोळावर आला

प्रिय उद्धव,

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, मनातलं कागदावर काढा, टेन्शन हलकं होतं. म्हणून तुला हे चौथं पत्र.

माझ्या काचबिंदूची काळजी करू नको. थेंब वेळेवर घालते, पहाटे कॅनॉलपर्यंत चालून येते, चहा एकदाच घेते, कुणाशी भांडत न्हाई. डोळ्याचा दाब अठ्ठावीसवरून सोळावर आला.

पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, सख्ख्या भावंडांचे डोळे तपासून घ्या. हा आजार घराण्यात फिरतो, अन् बाजूचं दिसणं गुपचूप घेऊन जातो. मी मान हलवली. तुला मात्र सांगितलं न्हाई. तू ओरडला असतास, "ताई, माझी गाडी बंद पाडतीस काय?" अन् माझा दाब चढला असता.

भाऊबीजेला तुला ओवाळलं, तवा निरांजन तुझ्या उजवीकडं गेलं की तुझी नजर मागंच राहायची. उजव्या हाताशी ठेवलेला तांब्या तू लवंडलास. मी हसले अन् फरशी पुसली.

काल फोनवर म्हणालास, "उजवीकडून मोटरसायकलवाला कुठून आला, कळलंच न्हाई. थोडक्यात वाचला."

मी म्हणलं, "लोक कसंबी चालवतात, बाबा."

उद्या जवळा बाजारचा आठवडी बाजार. हट्ट्याहून तुझी काळी-पिवळी जीप खच्चून भरून निघंल. मलाबी थेंब आणायला जायचंय. तुझ्या शेजारची सीट माझ्यासाठी धरून ठेवतो म्हणलास.

हे पत्र आधीच्या तिन्हींवर, औषधाच्या डब्यात ठेवते. खरंच, मन हलकं झालं.

उद्या मी एसटीनं जाईन.

तुझी ताई,
कालिंदी