कौसाबाईचा जामीन

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

कौसाबाई आज सुटली, पण मी सोडवली नाही. पाण्याच्या टँकरवरच्या भांडणात एका बाईचं डोकं फुटलं; घागर दुसरीनेच मारली होती, पण पोलिसांनी धरलं कौसाबाईला. नव्या जिल्ह्याच्या कोर्टात सरकारी खर्चाने मी तिचा वकील. जामीन मिळवलाही, पण जामीनदार जमीनवाला हवा, नाहीतर रोख. तिच्या वस्तीत जमीन कुणाची? नवऱ्याने म्हैस विकायला काढली, तर या दुष्काळात गिऱ्हाईक नाही. जामीन होऊनही बाई आतच.

आज म्हणाली, "साहेब, म्याच घागर मारली म्हनलं तर घरी जाऊ देतेत का? लेकरं लई लहान हायत."

कबूल केलं तर सोडतील, हे खरंच होतं; ते सांगायला नको होतं का? "हो," म्हणालो.

तिनं कबूल केलं. भोगलेली कैद हीच शिक्षा धरून कोर्टाने सोडलं. बाहेर नवरा माझ्या पाया पडला. कशाबद्दल? आता कागदोपत्री जन्मभर डोकं फोडणारी तीच.